मिठागराकडे तोंड केलेले कर्णे

कबड्डीच्या मैदानावर समालोचक हा एकटाच माणूस असा, की ज्याला बसायला खुर्ची मिळते, चहा न मागता मिळतो, आणि मार खायची शक्यताही सगळ्यांत जास्त त्याचीच असते. खेळाडूला मारलं तर पंच शिट्टी वाजवतात. पंचांना मारलं तर सामना रद्द होतो. समालोचकाला मारलं तर सामना चालूच राहतो, फक्त जरा शांतपणे. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या डाव्या खांद्यावर एक प्लास्टिकची खुर्ची येऊन बसलेली आहे, आणि ती मला बसायला म्हणून कोणी दिलेली नव्हती.

नव्वदच्या दशकात मी रोह्याला एका रंगाच्या कंपनीत ऑपरेटर होतो. पोट कंपनीवर भरत होतं आणि डोकं पेण ते रोहा या पट्ट्यातल्या मैदानांवर फिरत होतं. भाताची झोडणी उरकली, की गावोगावची मंडळं रिकाम्या शेतात माती चाळून, पाणी मारून, चोपून मैदान तयार करायची. मग सामने. आणि सामने म्हटले की बांबूला बांधलेले कर्णे, एक ॲम्प्लिफायर, एक माईक आणि त्या माईकमागे मी. फर्स्ट शिफ्ट सुटली की रोह्याहून पॅसेंजर पकडायची, निडी असो, कासू असो, पेण असो, सामने असतील तिथे उतरायचं आणि तसाच जाऊन माईक हातात घ्यायचा. हाताचे तळवे त्या काळात कायम निळे नाहीतर पिवळे. आमच्या कंपनीत सध्या कोणत्या रंगाची बॅच चालू आहे, हे साहेबांच्या आधी कबड्डीच्या प्रेक्षकांना कळायचं.

ज्यांनी कबड्डी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी सांगून टाकतो. चढाई करणारा समोरच्यांच्या अंगणात घुसतो, एकाला शिवतो आणि परत येतो. पण हे सगळं एका दमात. ‘कबड्डी, कबड्डी’ हा घोष तोंडात अखंड हवा, आणि तो पंचांना ऐकू यायला हवा. दम तुटला तर चढाई करणारा बाद. म्हणजे पंचांना नुसते डोळे असून भागत नाही, कान पण लागतात. हे कानाचं प्रकरण लक्षात असू द्या.

मी माईकवर आलो तो अपघातानेच. निडीला एका स्पर्धेत ठरलेला समालोचक आलाच नाही, आणि मी तिथे पंचांच्या नावाने सगळ्यांत मोठ्याने ओरडत होतो. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, “एवढा ओरडतोस तर माईकवर ओरड, आमचा घसा तरी वाचेल.” बसलो. पण एकाही खेळाडूचं नाव माहीत नाही. मग दिसेल त्या रूपावरून नावं ठेवत गेलो. एक पोरगा पाय धरला की सोडतच नव्हता, त्याला मी घोरपड म्हटलं. सामना संपला तेव्हा त्याचं खरं नाव कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं, बहुधा त्याच्याही. पुढे त्याच्या लग्नाच्या पत्रिकेत नावापुढे कंसात ‘घोरपड’ छापलेलं मी पाहिलं. त्याची आई मात्र मला रोह्याच्या बाजारात भेटली की अजून तोंड फिरवते.

तर अशी सुरुवात. माझा आवाज मोठा होता आणि जिभेला हाड नव्हतं. लोकांना हेच आवडलं. बाकीचे समालोचक ‘सुंदर खेळ, अप्रतिम खेळ’ एवढ्यावर वेळ मारून न्यायचे. मी सांगायचो की अमक्याने दुपारी मटण खाल्लंय म्हणून पाय उचलत नाही. अध्यक्षांचा पुतण्या संघात का आहे हे विचारायचो. पंच चुकले असं वाटलं तर तसं म्हणायचो. पाहुणे हसायचे, पोरं टाळ्या वाजवायची, आणि मला वाटायचं की लोक सामन्याला येतात ते मला ऐकायला.

हा फुगा पहिल्यांदा फुटला तो मुंबईत. कुणीतरी नाव सुचवलं म्हणून रेडिओवर आवाजाच्या चाचणीला गेलो. काचेच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, “समोर सामना चालू आहे असं समजा आणि बोला.” समोर काचेपलीकडे दोन साहेब आणि एक बाई. मला काही सुचेना. जे दिसत नाही ते बोलायचं कसं? शेवटी म्हणालो, “साहेब, तुम्ही दोघं उठून एक चढाई घाला, म्हणजे मला सुरुवात करता येईल.” त्यांनी आवाज चांगला असल्याचं सांगितलं आणि कळवतो म्हणाले. त्यांचं कळवणं अजून वाटेत आहे.

पण मला ऐकणारी खरी माणसं कोण, हे कळलं ते कासूच्या स्टेशनात. गाडीची वाट बघत बसलो होतो. डोक्यावरची पाटी खाली ठेवून एक बाई समोर उभी राहिली. पाय गुडघ्यापर्यंत मिठाने पांढरे.

“तू कर्ण्यातला ना रे?”

“व्हय.”

“मग चढाई चालू असताना मधीच गप का होतंस?”

मी म्हणालो, “मावशी, मी पण श्वास घेतो ना.”

“चढाई संपल्यावर घे. गणपत पलीकडं गेला, एवढं बोलतंस नि गप. आम्ही मिठात उभ्या. त्याला धरला का सोडला, कसं कळायचं?”

ही पारूबाय. खाडीकाठच्या खारेपाटातल्या संघाचा सगळ्यांत चांगला चढाईपटू गणपत, त्याची आई. मिठाचा हंगाम आणि कबड्डीचा हंगाम एकच असतो. ऊन तापलं की मीठ पिकतं, आणि पिकलं की ओढावंच लागतं, त्याला सुट्टी नाही. त्यामुळे ज्यांची पोरं मैदानात, ती बाया-माणसं मिठागरात. वारा बरा असला तर कर्ण्याचा आवाज बांध ओलांडून तिथवर जायचा, आणि त्या हातातलं काम न थांबवता सामना ऐकायच्या. मैदानाभोवतीच्या माणसांना माझी गरज नव्हती, त्यांना डोळे होते. मी ज्यांचा डोळा होतो त्यांना मी कधी पाहिलंच नव्हतं.

“आणि दुसरं,” पाटी उचलता उचलता पारूबाय म्हणाली, “पाव्हण्यांची नावं जरा कमी घे. मीठ वितळतं तवर.”

त्या दिवसापासून मी चढाई चालू असताना बोलायला लागलो, ते इतकं, की श्वास घ्यायलाही थांबेना. आणि त्यातच माझं वाटोळं झालं.

कासूजवळच्या एका गावात अंतिम सामना होता. एका बाजूला खारेपाटाचा संघ, दुसऱ्या बाजूला डोंगराकडच्या भातशेतीवाल्या गावांचा. पंच होते नाना. नाना पेणला एसटीत कंडक्टर. दिवसभर बसमध्ये शिट्टी, संध्याकाळी मैदानात शिट्टी. बायको म्हणे घरात दार वाजण्याऐवजी शिट्टीची वाट बघते. माणूस कडक, पैशाला किंवा कोंबडीला बधणारा नव्हता. डबल बेल दिल्यावर धावत येणाऱ्या सख्ख्या मेहुण्यासाठीही त्यांनी गाडी थांबवली नव्हती, असं लोक सांगायचे.

गुण बरोबरीत, वेळ संपत आलेली, आणि गणपत शेवटच्या चढाईला गेला. डोंगरवाल्यांनी त्याला कोपऱ्यात घेतला. तो वाकला, फिरला, एकाच्या पायाला शिवला आणि परत आला. नानांनी हात वर करून गुण दिला. आणि मी कर्ण्यातून अख्ख्या पंचक्रोशीला सांगितलं, “दम तुटलेला आहे. गणपतचा दम मध्येच तुटला. पंचांना ऐकू आलेलं नाही. मंडळाला विनंती, बक्षीस समारंभाआधी पंचांचे कान तपासून घ्यावेत.”

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. डोंगरवाले मैदानात आले, म्हणून खारेपाटवाले आले, म्हणून मंडळवाले आले. मघाशी सांगितलेली खुर्ची याच वेळी आली. कोणत्या बाजूने आली ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्ही बाजूंना कारण होतं, डोंगरवाल्यांनाही मी दिवसभर सोडलं नव्हतं. सामना रद्द झाला, पण माझ्या खांद्यासाठी नाही, मैदानच उरलं नव्हतं म्हणून. नानांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली, माझ्याकडे चालत आले आणि शांतपणे म्हणाले, “जिथं हा माणूस माईकवर, तिथं मी नाय.”

दुसऱ्या दिवसापर्यंत तालुक्यातल्या सगळ्याच पंचांनी तेच म्हटलं. आता समालोचकाशिवाय सामना होतो, पंचांशिवाय होत नाही. मंडळांनी देवळात बैठक घेतली आणि निर्णय व्हायला चहा गार व्हावा लागला नाही. मी बाहेर.

घरी बायको खांद्याला शेक देत म्हणाली, “अहो, तुमचं काय जात होतं गप बसायला?”

“दम तुटला होता गो.”

“तुटू दे की. तुमच्या बापाचा होता?”

पण मन मानत नव्हतं. काही दिवसांनी एका मंडळाने मध्यस्थी केली. नाना तयार आहेत, फक्त स्वागत करायचं, नावं वाचायची, नारळ कोणाच्या हस्ते वाढवला ते सांगायचं. खेळावर आणि निकालावर अवाक्षर नाही. मी म्हणालो, त्याला मी कशाला, टेप लावा. बायकोने कपाळावर हात मारला. मी मात्र ठरवून टाकलं होतं. परत त्या माईकवर बसेन, आणि बसेन तो दिसेल ते बोलायलाच बसेन.

ठरवणं फुकट असतं. सवय मात्र सुटत नाही. माईक हातात नसेल तर माझ्या हाताला काय करावं ते समजायचं नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी रोह्यात रिक्षात बसून जाहिराती पुकारायला लागलो. एका कापडदुकानाचा साड्यांचा सेल होता. मी रंगात येऊन साड्यांचं समालोचन करत होतो. हिरवी साडी मध्यरेषा ओलांडून आत आली, गुलाबी तिला कोपऱ्यात गाठतेय, वगैरे. बायका हसत होत्या. एकीने रिक्षाजवळ येऊन विचारलं, “दादा, रंग जाईल का हो?” मी रंगाच्या कंपनीतला माणूस. साडीचं टोक बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणालो, “जाईल.” माईक चालू होता. पुढे बसलेल्या दुकानदाराने रिक्षा तिथेच थांबवली आणि मला उतरवलं. पुढे रिक्षा माझ्याशिवाय गेली, त्यात सनई लावून.

त्याच सुमारास पेणमध्ये केबल आली होती. शेखर नावाचा पोरगा दुकानाच्या माळ्यावर दोन व्हीसीआर आणि ढीगभर वायरी घेऊन बसायचा. पेणच्या घराघरांत पिक्चर, लग्नं, गणपतींच्या मिरवणुका आणि कबड्डीचे सामने दाखवायचा. सामन्याला त्याचा माणूस कॅमेरा खांद्यावर घेऊन यायचा आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट केबलवर लागायची. माझी हकालपट्टी त्याला फायद्याची वाटली. म्हणाला, “भाऊ, मैदानात नाय तर माझ्याकडे बोला. इथं खुर्ची फेकायला कोणी चढणार नाय, जिना मोडकळीला आलाय.”

मग मी माळ्यावर बसून कॅसेटवर समालोचन करू लागलो. नाव झालं. पेणच्या बाजारात लोक ओळखायला लागले. पण आदल्या दिवशीचा सामना बोलण्यात एक लबाडी असते. ‘आता काय होणार?’ असं विचारायचं, आणि काय होणार ते आपल्याला ठाऊक. शिवाय केबलची वायर पेणच्या बाहेर जात नव्हती. मिठागरात टीव्ही नव्हता.

असे दोन हंगाम गेले, आणि एके दिवशी शेखरच्या कपाटात मला ती कॅसेट दिसली. रद्द झालेला सामना. शेवटच्या चढाईसकट सगळा. मला आकाश ठेंगणं झालं. न बघताच म्हणालो, “ही नानांसमोर लावायची. चारचौघांत.”

निरोप गेला. नाना येतील असं वाटलं नव्हतं, पण दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ते आले. अंगात खाकी, काखेत तिकिटांची पेटी. मंडळांचे दोघं-तिघं होते. मी मुद्दाम भजी मागवली होती, विजयाची म्हणून. शेखरने कॅसेट लावली.

पडद्यावर गणपत चढाईला गेला. पाठमोरा. आणि टीव्हीतून आवाज आला तो माझा. “गणपत आत शिरलाय, डावीकडे जातोय, कोपऱ्यावर नजर, कबड्डी, कबड्डी, कबड्डी...” पारूबायला चढाई पोचवायच्या नादात मी गणपतच्या बरोबरीने कर्ण्यातून ‘कबड्डी’ म्हणत होतो. किती मोठ्याने ते मला त्या दिवशी कळलं. गणपतचा आवाज कुठेच नाही. प्रेक्षकांचा नाही. त्या कॅसेटमध्ये जगात मी एकटाच होतो. मग एकदम ‘कब...’ वर घोष थांबला, कोणीतरी पाण्यातून वर आल्यासारखा भसकन श्वास घेतला, आणि नानांचा हात वर जाताच माझी आरोळी, “दम तुटलेला आहे.”

नानांनी शेखरला कॅसेट मागे घ्यायला सांगितली. पुन्हा बघितलं.

“दम तुटला हे खरं हाय,” नाना म्हणाले. “कोणाचा ते बघ.”

मंडळवाल्यांतला एकजण भज्यासकट ठसकला. मी म्हणालो, “मग तुम्ही तरी गुण कसा दिलात? तुम्हाला तरी कुठे ऐकू आलं असेल?”

“नाय आलं. मी त्याच्या गळ्याकडं बघत होतो. गळा हलत होता.” नानांनी एक भजं उचललं. “तू दोन वर्षं सांगतोस, नानाचे कान गेले. कान हायत. त्यांच्यावर तू बसलायस.”

आणि पेटी काखेत मारून ते जिना उतरून गेले. पुढची फेरी होती.

मी आठवडाभर केबलवर गेलो नाही. शरमेने नाही, शरम मला उशिरा येते. मी विचार करत होतो. पारूबायला चढाई चालू असताना बोललेलं हवं. नानांना चढाई चालू असताना शांतता हवी. दोघांचंही बरोबर. एक गप्प राहून जमत नाही, एक बोलून जमत नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की भांडण माझ्या तोंडाशी नाहीच, कर्ण्याच्या तोंडाशी आहे. ज्यांना सामना दिसतो त्यांच्याकडे तोंड करून आम्ही कर्णे कशाला बांधतो? पण सगळ्या तालुक्यात तसेच बांधायची पद्धत, त्यामुळे कोणाला कधी वेगळं सुचलंच नव्हतं.

सरळ खारेपाटात गेलो. मंडळाला म्हणालो, मैदानावर एकही कर्णा नको. सगळे नेऊन बांधावर बांधा, तोंड मिठागराकडे. मी प्रेक्षकांच्या मागे, लांब, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतो. मंडळवाल्यांना वाटलं खुर्ची डोक्याला लागली होती.

“मग मैदानातल्यांना काय ऐकू येणार?” अध्यक्षांनी विचारलं.

“सामना.”

पारूबाय बाजूला बसून ऐकत होती. मला वाटलं ही मला शिव्या घालणार. तिच्याच पोराच्या गुणावर मी पाणी ओतलं होतं. ती अध्यक्षांना म्हणाली, “बांधा ना रे. दोन वर्षं कर्ण्यातून नुसती नावं येतात. कोण जिंकला ते पोरगा घरी येऊन जेवायला बसला की कळतं.”

“मावशी, याने तर गणपतला बाद म्हटलं होतं.”

“म्हटलं तर म्हटलं. तू तर काय म्हणतच नाय.”

आता उरले नाना. एका सकाळी त्यांना मैदानावर बोलावलं. बांधावर कर्णे, ट्रॉलीत मी. नाना मध्यरेषेवर उभे राहिले, गणपतला समोर उभं करून दम घ्यायला लावला आणि मला हात केला. मी जीव तोडून बोललो. नाना मान तिरकी करून ऐकत राहिले. मग ट्रॉलीपाशी आले.

“त्याचं ऐकू येतंय. तुझं नुसतं भुणभुण येतंय, लांब कुठं पंप चालू असल्यासारखं.”

“मग?”

“मग बस.” थोडं जाऊन ते मागे वळले. “निकालावर बोलणार?”

“बोलणार.”

“मला ऐकू येणार नाय ना?”

“नाय.”

“मग काय बोलायचं ते बोल,” नाना म्हणाले, आणि गेले.

स्पर्धा झाली. अंतिम फेरीत पुन्हा खारेपाट आणि डोंगर. मी ट्रॉलीत उभा राहून बोलत होतो, आणि मैदानात इतकी शांतता, की गणपतचा दम मलाही ऐकू येत होता. मी त्यात माझा मिसळला नाही. शेवटाकडे गणपतला मध्यरेषेपाशी पकडला. चार जण त्याच्यावर. धुळीत त्याचा हात लांब झाला. नानांनी शिट्टी मारली आणि बाद दिलं. नाना खाली, गर्दीच्या पलीकडच्या अंगाला. मी उंचावर, अलीकडे. गणपतची बोटं रेषा ओलांडून आलेली मी पाहिली होती, शिट्टीच्या आधी.

खरं सांगतो, गिळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. समोर बसलेल्यांना मी ऐकू येतच नव्हतो. खांदा दुखायला लागल्यासारखं वाटलं. पण बांधापलीकडे ज्यांना फक्त माझंच ऐकू येत होतं, त्यांना काय सांगणार होतो? मी म्हणालो, “पंचांनी गणपतला बाद दिलं आहे. निर्णय पंचांचा, तो कायम. मी जे पाहिलं ते असं, की बोटं रेषेपलीकडे आली होती. माझ्या मते नाना चुकले.” खारेपाट एका गुणाने हरला. मैदानात कोणी खुर्ची उचलली नाही. बक्षीस घेऊन सगळे घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खारेपाटातून पेणला येणाऱ्या गाडीवर कंडक्टर नाना होते. तिथे काय झालं ते मला पुढे चार जणांनी चार तऱ्हेने सांगितलं, त्यातलं जुळणारं तेवढं लिहितो. पहिल्याच थांब्याला बाया चढल्या. पहिल्या बाईने तिकीट घेतलं आणि म्हणाली, “नाना, बोटं पलीकडं होती म्हणे.” दुसरीने तेच म्हटलं. तिसरीने सुट्टे देताना म्हटलं. पारूबाय तर पुढच्या सीटवर बसून वाटच बघत होती.

नाना म्हणाले, “तू मिठात होतीस गो. तुला काय दिसलं?”

“मला नाय दिसलं. कर्ण्यानं सांगितलं.”

“तो काय देव हाय?”

“देव कशाला? पण माझ्या पोराच्या विरुद्ध बोलायला तो भ्यायला नाय, तेव्हा आमचेच त्याला मारायला धावले. आता पोराच्या बाजूनं बोलला तर मी ऐकणार नाय व्हय?”

म्हणे पेण येईपर्यंत नानांनी शिट्टी वाजवली नाही, हातानेच घंटा मारली.

संध्याकाळी शिफ्ट करून मी पेणच्या स्टँडवर उतरलो तेव्हा नाना कंट्रोलरच्या खोलीबाहेर उभे होते. माझ्यासाठीच. मी मनात हिशेब केला, जवळपास खुर्ची नव्हती, पण लाकडी बाक होता.

“काल बोललास?”

“बोललो.”

“चुकले म्हणालास?”

“माझ्या मते, असं म्हणालो.”

नानांनी काखेतली पेटी बाकावर ठेवली. मग म्हणाले, “मी उजवीकडं होतो. हात मला दिसलाच नाय. धूळ होती.” आणि मग, जरा चिडून, “पण अख्खी गाडी मला सांगतेय नि मला पत्ताच नाय मी काय केलं ते. असं नको. पुढच्या खेपेला एक कर्णा आत फिरव.”

“पण दम...”

“चढाई चालू असताना तो बंद. शिट्टी झाली, हात वर गेला, की चालू कर. चुकलो तर माझ्या तोंडावर चुकलो म्हण. निकाल मी बदलणार नाय. पण निदान मला तिथंच कळू दे, तिकिटं फाडताना नको.”

पुढच्या स्पर्धेला आम्ही तसंच केलं. बांधावरचे कर्णे मिठागराकडे, एक मैदानाकडे, आणि त्या एकाला घरातल्या दिव्याचं बटण लावून ते ट्रॉलीत माझ्या हाताशी ठेवलं. बोलावणं पुन्हा सगळीकडून येऊ लागलं. निडी, कासू, रोहा. काही पंचांनी नाक मुरडलं, काहींनी नानांकडे बघून मान डोलावली. ते बटण बंद करायला मी अनेकदा विसरलो, आणि दरवेळी नाना मध्यरेषेवरून नुसतं कानाला बोट लावून दाखवायचे.

पण पहिला दिवस सांगतो. पहिली चढाई. डोंगरवाल्यांचा पोरगा आत गेला, कोपऱ्यावर धरला गेला, सुटला, पुन्हा धरला गेला, आणि धडपडत बाहेरच्या रेषेवर पडला. दोन्हीकडून ओरडा. नानांनी शिट्टी मारली, हात वर केला, बाद दिलं. आणि मैदानाच्या मधोमध उभे राहून सरळ ट्रॉलीकडे बघू लागले. सगळं मैदान माझ्याकडे वळलं. मी बटण दाबलं.

माईक हातात घेतल्यापासून इतक्या वर्षांत हे वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे शब्द जुळवायला वेळ लागला. “पाय आधी बाहेर गेला होता,” मी म्हणालो. “मी पाहिलं. पंचांचा निर्णय बरोबर आहे.”

नाना हलले नाहीत. शिट्टी तोंडाशी नेऊन त्यांनी परत खाली घेतली.

“बांधापलीकडं पण गेलं काय हे?” त्यांनी मध्यरेषेवरून विचारलं.

“गेलं.”

“मग चालू दे,” म्हणाले, आणि पुढच्या चढाईची शिट्टी मारली.